सासूबाईंच्या दाताला कोणतं सिमेंट?

दातांच्या डॉक्टरीणबाईंना गल्लीत सगळे 'बघूबाई' म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या सासूबाई तोंडावरच म्हणत. दाढ ठेवायची की काढायची असं पेशंटने विचारलं की बाई तोंडात आरसा फिरवत, 'हं' करत आणि म्हणत, "बघू." हात हलका होता, काम नेटकं होतं, दुखवल्याची तक्रार कधी नव्हती. एकदा ठरलं की पेशंटला 'आ' मिटायची घाई होण्याआधी काम उरकलेलं असे. घोडं अडायचं ते ठरण्यापाशी.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. दोन खुर्च्या, एक खिडकी, खिडकीत एक निवडुंग. निवडुंगाला पाणी कधी घालायचं हे फारसं ठरवावं लागत नाही, म्हणून तो तगला होता. खाली बांधकामाच्या सामानाचं दुकान. जिन्याच्या तोंडाशीच सिमेंटच्या गोण्यांची थप्पी असे आणि दुकानदार वर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "टिकाऊ काम हवं तर वर कशाला जाता? इथंच बसा आणि 'आ' करा."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. 'ही काच बरी की ही?' असं दिवसभर लोकांना विचारून त्याचा जबडा दुखे. बाईंची आणि त्याची ओळख तिथलीच. नंबर काढून घ्यायला आलेली ही मुलगी प्रत्येक काचेला "परत एकदा आधीची दाखवा" म्हणायची. शेवटी एका संध्याकाळी त्याने काच बदलायच्या ऐवजी लग्नाचंच विचारलं. ती म्हणाली, "बघू." सासूबाई हा किस्सा अजून सांगतात आणि शेवटी पुस्ती जोडतात, "तेव्हाच आम्हाला दिसायला हवं होतं. पण चष्मेवाल्याच्या घरी अंधार!"

सासूबाई नाटकात होत्या, पण नाटकात दिसत नसत. उभा जन्म त्यांनी प्रॉम्प्टर म्हणून विंगेत काढला. नट अडखळला की अंधारातून त्याच्यापुरतं वाक्य सोडायचं, ते त्याच्या कानात पडलं पाहिजे आणि पहिल्या रांगेच्या पडता कामा नये. एका हातात संहिता, दुसऱ्या हाताने पान उलटायचं, मग छोटी बॅटरी कुठे धरणार? त्यांनी ती दातांत धरली. वाक्य द्यायची वेळ आली की बॅटरी जिभेने गालात सरकवायची, वाक्य सोडायचं, परत दातांत. वर्षानुवर्षं धातूची नळी चावून चावून वरचा पुढचा एक दात चिरला आणि एका प्रयोगाला, नायक प्रेमाची कबुली विसरलेला असताना, तो तुटला. वाक्य मात्र त्यांनी दिलं. नायकाने ते जसंच्या तसं म्हटलं, बोबडेपणासकट.

बाईंनी सासूबाईंच्या हाडात इम्प्लांट बसवलं, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी धातूचा एक स्क्रू. हाड त्याला धरेपर्यंत काही महिने जायचे होते. तोवर खोटा दात लावलेली, काढघालीची एक पट्टी दिली होती. ती घातली की सासूबाईंच्या प्रत्येक 'स'मधून शिट्टी वाजे. "सून" म्हणाल्या की गल्लीतलं कुत्रं वर बघे. त्यांनी ती पट्टी डबीत टाकली आणि फटीसकट हिंडू लागल्या. विंगेत काय, अंधारच असतो.

आणि मग उजेड पडला. नव्या नाटकात एक श्रीमंत आत्या होती. पहिला अर्धा अंक ती पलंगावर मेलेली पडून असते, भाचेमंडळी तिच्या उशाशी वाटण्यांवरून भांडतात आणि भांडण रंगात येताच आत्या उठून बसते आणि हसते. त्या हसण्यावर सगळं नाटक पेललेलं. आत्या करणारी नटी दुसऱ्या गावी राहायला गेली. प्रयोग तोंडावर आलेला. पाठांतर असलेली बाई एकच होती. दिग्दर्शकाने सासूबाईंकडे पाहिलं, त्या आनंदाने हसल्या आणि त्याचा चेहरा पडला.

"भूमिका तुमची," तो म्हणाला. "पण ती फट बंद करा. आत्या उठली की लोकांची दातखीळ बसायला हवी. नाहीतर तुमच्या त्या खिडकीत डोकावत बसतील ते."

सासूबाई तशाच घरी आल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या. "शनिवारी प्रयोग आहे. दात लाव."

"बघू हं, आई."

"बघू नको. लाव. सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदा उजेडात उभी राहतेय. उभी काय, आधी आडवीच, पण उजेडात!"

हाडाने स्क्रू घट्ट धरला होता, त्यावर बसायची खुंटी तयार होती, खुंटीवर बसायची कॅपही तयार होती. प्रश्न एकच उरला होता: कॅप खुंटीवर कशाने चिकटवायची. बऱ्याच वेळा कॅप चिकटवावी लागतच नाही. तिच्यातूनच खुंटीचा स्क्रू, म्हणजे खुंटीला हाडातल्या स्क्रूशी जोडणारा दुसरा बारीक स्क्रू, आवळायची वाट ठेवतात आणि ते भोक मागून, जिभेच्या बाजूने येतं. पण सासूबाईंचं हाड पुढे झुकलेलं. भोक ठेवलं असतं तर ते नेमकं दाताच्या दर्शनी भागावर आलं असतं. बाईंनी ती वाट परस्पर बंद केली होती आणि स्वतःला सिमेंटच्या स्वाधीन केलं होतं.

सिमेंटं होती चार आणि प्रत्येकाची आपली खोड. पक्कं रेझिनचं असं धरतं की पुढे कधी आतला स्क्रू ढिला झाला तर कॅप फोडूनच काढावी लागते. शिवाय जास्तीचं सिमेंट हिरडीखाली सरकतं. खऱ्या दाताला हिरडी जशी घट्ट बिलगते तशी इम्प्लांटला बिलगत नाही, त्यामुळे माल सुखाने खाली उतरतो आणि यातली काही रेझिनं एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. हिरडी सुजते आणि आजूबाजूचं हाड झिजलं की मग कळतं. झिंकचं जुनं सिमेंट एक्स-रेमध्ये लख्ख दिसतं, पण तेही सहजी सोडत नाही. तिसरं झिंक आणि चौथं यांच्या मधलं. आणि चौथं तात्पुरतं, ज्याची पकडच बेताची ठेवलेली असते, म्हणजे कधीही कॅप काढता यावी. कधीही. म्हणजे अगदी प्रयोग चालू असतानासुद्धा.

बाईंच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: आत्या उठते, हसते, आणि दात उडून भाच्याच्या कपाळावर बसतो.

मग बाईंनी विचारपूस सुरू केली. कॉलेजातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, पक्कं. वर्गातल्या मैत्रिणीला केला. ती म्हणाली, वेडी आहेस का, तात्पुरतं. सिमेंट विकायला येणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, चारही घ्या. जिन्यात दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "आधी पाणी मारून घ्या." नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने हात जोडले. "मी दिवसभर लोकांना 'हे की ते' विचारतो. घरी मला कोणी विचारू नये एवढीच इच्छा आहे."

शेवटी जेवणाच्या टेबलावर प्रयोगशाळा मांडली गेली. प्लास्टरच्या ठोकळ्यांत जुन्या खुंट्या रोवल्या, त्यांवर जुन्या कॅपा चार सिमेंटांनी चिकटवल्या, प्रत्येक कॅपेला तार बांधली आणि तारेला पाण्याची बाटली लटकवून एकेक ठोकळा टेबलाच्या कडेला उलटा धरायचं काम नवऱ्याकडे आलं. तात्पुरत्याची बाटली अर्धी भरताच सुटली आणि त्याच्या अंगठ्यावर पडली. तो एका पायावर स्वयंपाकघरभर फिरला. मधल्याने बाटली भरेपर्यंत धीर धरला. झिंकच्या कॅपेने बाटलीही पेलली आणि वर नवऱ्याचा हातही. पक्क्याची कॅप दोघांनी मिळून ओढली तेव्हा कॅप जागची हलली नाही, ठोकळाच फुटला आणि दोघं दोन बाजूंना जमिनीवर बसली.

सासूबाई सोफ्यावर मेल्याचा सराव करत होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "दात माझ्या तोंडात लावायचाय. मला छताला टांगायचं नाहीये."

तालमीत त्यांची वेगळीच पंचाईत होती. मेलेल्या पडल्या पडल्या त्यांचे ओठ हलत. भाच्यांची, भाच्याच्या बायकोची, वकिलाची, सगळ्यांची वाक्यं त्या सवयीने पुटपुटत. दिग्दर्शक ओरडे, "आत्या! प्रेताने प्रॉम्प्टिंग करायचं नसतं!" त्यावर प्रेत म्हणे, "मग याला वाक्य कोण देणार? हा पुढचं विसरलाय." आणि खरंच तो विसरलेला असे.

गुरुवारी दुपारी सासूबाई खुर्चीत बसल्या. दवाखान्यात मदतीला एक मावशी होत्या. बाईंनी त्यांना पक्कं काढायला सांगितलं. खुंटी बसवली, स्क्रू बोटांनी फिरवून आवळला, एक्स-रे काढला. खुंटी टेकली होती. कॅप घालून पाहिली. ती इतकी चपखल बसली की मावशींनी "अगंबाई!" केलं. आता खुंटीचा स्क्रू खास किल्लीने ठरावीक जोराने शेवटचा आवळायचा, म्हणजे किल्ली 'कट्' असा आवाज करते, मग स्क्रूवर सिमेंट जाऊ नये म्हणून वर टेप भरून कॅप चिकटवायची. त्या क्षणी बाईंच्या मनाने उचल खाल्ली.

"मावशी, पक्कं नको. झिंक काढा."

मावशींनी झिंक काढलं.

"थांबा. मधलं."

"बघूबाई," सासूबाई उघड्या तोंडाने म्हणाल्या, पण ते 'अऊआई' असं ऐकू आलं.

"तात्पुरतं!" बाई म्हणाल्या. "ठरलं. तात्पुरतंच. पुढेमागे उघडायची वेळ आली तर कॅप फोडायला नको."

मावशींनी ट्रेवरचं सगळं चौथ्यांदा उचललं आणि चौथ्यांदा मांडलं. बाईंना एवढं हलकं वाटलं की हात आपोआप चालू लागले. स्क्रूवर टेप भरली. सिमेंट कॅपेत घातलं. तोंडातल्या खुंटीची एक जुळी खुंटी हातात होती, तिच्यावर कॅप आधी बाहेरच दाबली, म्हणजे जास्तीचं सिमेंट तिथेच निथळलं आणि कॅपेत उरला तो नुसता पातळ लेप. मग कॅप तोंडात बसवली. दोरा फिरवला, पुन्हा एक्स-रे काढला. हिरडीखाली सिमेंटचा कणसुद्धा नव्हता. बाईंनी तो एक्स-रे मावशींना दाखवला, मग सासूबाईंना, मग खाली जाऊन दुकानदाराला.

"बघा, कुठे सिमेंट दिसतंय का?"

"नाही बुवा."

"नाहीच ना!"

"मग लावलंत काय?" दुकानदार म्हणाला. पण बाई तोवर दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेल्या होत्या.

शुक्रवारच्या रंगीत तालमीत आत्या उठून हसली आणि भाच्याची भूमिका करणारा नट खरोखर दचकून खुर्चीवरून पडला. घरी तिघांनी गाणी म्हटली. नवऱ्याने अंगठ्याला पट्टी असताना नाच केला.

शनिवारी सकाळी सासूबाईंनी टोस्ट चावला आणि थांबल्या.

"अगं, हा मान हलवतोय."

"कोण?"

"दात. मी खा म्हणतेय, तो नाही नाही म्हणतोय."

बाईंनी तर्जनी लावली. कॅप डावी-उजवीकडे डुलत होती. कॅप सुटली असेल, तात्पुरतं ते तात्पुरतंच, असं मनात म्हणत त्यांनी ती ओढून पाहिली. सुटली नव्हती. कॅपेसकट खुंटीच हलत होती. दोघी दवाखान्यात पोहोचल्या. मावशींनी कपाट उघडलं, त्यात गुरुवारसाठी तयार ठेवलेलं पाकीट तसंच होतं. सीलबंद. आत किल्ली.

"ताई," मावशी हळूच म्हणाल्या, "ही आपण उघडलीच नव्हती."

बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. चार सिमेंटांत मन एवढं गुंतलं होतं की स्क्रू आवळायचाच राहिला होता. वाडा रंगवावा आणि पाया खणायला विसरावं, त्यातली गत. आधी त्यांना रडू येईलसं वाटलं, पण आलं हसू. मग मावशींना आलं. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या सासूबाईंना कारण कळलं नव्हतं, तरी त्याही हसायला लागल्या आणि दात तिघींना नाही नाही म्हणत राहिला.

"तात्पुरतं लावलंय ते किती बरं झालं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ता काढते."

निघेना. टेबलावर अर्ध्या बाटलीला हात टेकणारं सिमेंट तोंडात हटून बसलं होतं. कॅप काढायला झटका द्यावा लागतो आणि झटका द्यायला खुंटी स्थिर लागते. इथे खुंटीच डुलत होती. ओढावं तर ती कॅपेबरोबर येई, सोडावं तर कॅपेबरोबर परत जाई. फार जोर करावा तर आतले आटे जायचे. चिमट्याने झालं, दोऱ्याने झालं, गरम पाण्याच्या चुळा झाल्या. घड्याळ पुढे सरकत होतं, पडदा संध्याकाळी उघडणार होता.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. "आई, एकच मार्ग आहे. कॅपेला पुढून भोक पाडून स्क्रू गाठायचा. मग दाताच्या रंगाचं भरून देईन. पण जवळून पाहिलं तर ठिपका दिसेल."

"जवळून मला कोण बघतंय? जवळून बघणारा एक होता, तो गेला. त्यालाही चष्मा होता."

"म्हणजे चालेल?"

"न चालायला काय झालं? आणि मला सांग, हे भोक आधीच ठेवता आलं नसतं?"

"आलं असतं. ठिपका दिसेल म्हणून नाही ठेवलं."

"ठिपका नको असं कोण म्हणालं?"

बाईंनी बोटांवर मोजलं. सर, मैत्रीण, विक्रेता, दुकानदार, नवरा. एक तोंड विचारायचं राहिलं होतं आणि दात त्याच तोंडात लावायचा होता.

"पाड," सासूबाई म्हणाल्या आणि 'आ' केला.

बाईंनी ड्रिल उचललं. पाण्याचा फवारा, घूंऽऽ असा आवाज, कॅपेवर मोहरीएवढं भोक, मग आतली पांढरी टेप, टेपेखाली स्क्रूचं डोकं. स्क्रू उलटा फिरवला आणि कॅप खुंटीसकट अलगद त्यांच्या हातात आली. त्यांनी ती दिव्याखाली धरली. आता ही जोडी तोंडाबाहेर होती. हिरडी नाही, अंधार नाही. हवं ते सिमेंट लावावं, चहूबाजूंनी पुसावं आणि सगळं एकसंध करून परत आवळावं. पुढे कधी उघडायचं झालं तर भोक होतंच. ज्या प्रश्नाने घराची झोप उडवली होती तो प्रश्नच उरला नव्हता.

त्यांनी खुंटी पकडीत धरून कॅप एका झटक्यात सुटी केली आणि आधीचं सगळं सिमेंट खरवडून काढलं.

"कोणतं देऊ?" मावशींनी विचारलं आणि चारही डब्यांवर चार बोटं ठेवून तयारीत उभ्या राहिल्या.

"पक्कं."

"नक्की?"

"द्या हो!"

मावशींची तीन बोटं उगीचच हवेत राहिली.

भोकात भरायला टेप हवी होती आणि दवाखान्यातली रीळ गुरुवारीच संपली होती. नळाच्या आट्यांना गुंडाळतात तीच पांढरी टेप. मावशींनी जिन्यातून हाक मारली. दुकानदार स्वतः रीळ घेऊन वर आला, विजयी मुद्रेने. "म्हणजे शेवटी खालचाच माल लागला!" टेपेचे तुकडे निर्जंतुक करायच्या यंत्रात गेले आणि बाहेर येईपर्यंत तो दारातच उभा राहिला.

किल्ली 'कट्' झाली. सगळ्यांनी ऐकली. बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा आवळली. पुन्हा 'कट्'. दारातून दुकानदाराने टाळी वाजवली. मग टेप, टेपेवर दाताच्या रंगाचं भरण, ते घट्ट व्हायला त्यावर निळा दिवा.

"टोस्ट आहे का कोणाकडे?" सासूबाईंनी विचारलं.

"आज मऊच खायचं," सून म्हणाली. "आणि हसायचं फक्त ठरल्या जागी."

नाट्यगृहात नवरा-बायको तिसऱ्या रांगेत बसली. बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं: नाटक बघायचं नाही, दात बघायचा. पडदा उघडला. पलंगावर आत्या निपचित. भाचे भांडू लागले. वकील आला. धाकटा भाचा म्हणाला, "आत्या हयात असती तर तिने सगळं मलाच..." आणि आत्या उठून बसली.

आधी नुसतीच बसली. मग तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि हसली. संहितेत हसणं एका ओळीचं होतं, पण सासूबाई थांबेचनात. उजेडात पहिल्यांदा आलेलं ते हसू खालून वर, वरून खाली, घसरगुंडीसारखं जात राहिलं. पाचव्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळी रांग, मग बाल्कनी. भाच्यांनी भांडायचं सोडून पाठी फिरवल्या, खांदे हलताना दिसत होते. बाईंनी नवऱ्याचा दंड धरला, मग त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं, मग तेही पुरेना म्हणून ओंजळीत धरलं.

मध्यंतरात दिवे लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, दाताकडे बघायचं राहूनच गेलं.

"अरे, तू बघितलास का?"

"मी नीट बघत होतो," नवरा म्हणाला.

"मग? कसा होता?"

"कुठला होता तेच कळलं नाही."